मदत हवी आहे : उन्हात काम करणाऱ्या आईसाठी व्हिटॅमिन सी सीरम आणि ट्रेटिनॉइन

निफाड तालुक्यात आमची द्राक्षबाग असून माझी आई (वय ५४) अनेक वर्षे बागेत काम करते. तिच्या दोन्ही गालांवर वांग आहे आणि मानेची त्वचा काळवंडून खरबरीत झाली आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी रात्री लावण्यासाठी ०.०२५ टक्के ट्रेटिनॉइनचे मलम, म्हणजे व्हिटॅमिन ‘ए’चाच एक प्रकार, आणि दिवसा सनस्क्रीन लिहून दिले आहे. व्हिटॅमिन सीचे सीरम हवे असल्यास सकाळी लावावे, असेही सांगितले.

माझी मुख्य अडचण सीरमची आहे. एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड (म्हणजे व्हिटॅमिन सीचे मूळ रूप) १० ते २० टक्के प्रमाणात आणि ३.५ पेक्षा कमी पीएच (म्हणजे पुरेसे आम्लधर्मी) असताना त्वचेत चांगले शिरते, मात्र हवा, उजेड आणि उष्णता यांमुळे ते लवकर खराब होऊन पिवळे-तपकिरी पडते. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याच्या घरात बाटली किती टिकेल, याची शंका वाटते. फ्रिजमध्ये ठेवणे पुरेसे आहे का, की सोडियम अ‍ॅस्कॉर्बिल फॉस्फेटसारखा अधिक टिकाऊ प्रकार घ्यावा? व्हिटॅमिन ई आणि फेरुलिक अ‍ॅसिड सोबत असलेले सीरम उन्हापासून जास्त संरक्षण देते, परंतु ते महाग असते, आणि घामाने निथळणाऱ्या चेहऱ्यावर त्याचा खर्च सार्थकी लागतो का, हे वापरणाऱ्यांकडून ऐकायचे आहे.

दुसरा प्रश्न ट्रेटिनॉइनचा आहे. त्याचा परिणाम दिसायला काही महिने लागतात, हे आम्ही समजून आहोत. पण सुरुवातीला त्वचा कोरडी पडून सालपटे निघतात आणि सावळ्या त्वचेवर अशी जळजळ झाल्यास तिथे नवे डाग पडू शकतात. पुढच्या भेटीत खरड छाटणीच्या (द्राक्षवेलींच्या एप्रिलमधील छाटणीच्या) दिवसांत मलम थांबवण्याविषयी डॉक्टरांना विचारणार आहेच, तरी शेतात काम करणाऱ्या कोणाला त्यांच्या डॉक्टरांनी आठवड्यातून दोन-तीन रात्रीच लावायला सांगितले होते का? ४ ते ५ टक्के नायसिनामाइड (व्हिटॅमिन बी३चा एक प्रकार) सोबत वापरून जळजळ कमी झाली का?

माझ्या मते सनस्क्रीनशिवाय या सगळ्याला अर्थ नाही. आयर्न ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन दृश्य प्रकाशही अडवते, म्हणून वांगासाठी ते अधिक उपयोगी ठरते. आई टोपी आणि रुमाल वापरते, तथापि दर दोन तासांनी धुळीच्या हातांनी पुन्हा सनस्क्रीन लावणे तिला जमत नाही. त्यावर कोणी व्यवहार्य उपाय शोधला असल्यास जरूर लिहावा.

कृपया स्टेरॉइड मिसळलेली गोरे करणारी मलमे सुचवू नयेत. त्यांनी आधी रंग उजळतो, पण पुढे त्वचा पातळ होऊन लाल पडते. आमच्या गावात हे अनेकींच्या चेहऱ्यावर दिसते.