बुडालेल्या जहाजांतली सेलाडॉन भांडी विकावीत का?

दर्यावर्दी: समुद्रतळातून काढलेल्या चिनी सेलाडॉनच्या, म्हणजे हिरवट झिलईच्या भांड्यांच्या, लिलावावर बंदीच हवी. कोरियाच्या सिनान किनाऱ्याजवळ बुडालेलं जहाज घ्या. 1975 मध्ये एका मच्छीमाराच्या जाळ्यात भांडी आली आणि 1976 ते 1984 सरकारने नौदलाचे पाणबुडे लावून उत्खनन केलं. वीस हजारांवर भांडी निघाली, त्यांत निम्म्याहून जास्त चीनमधल्या लोंगछ्वानच्या भट्ट्यांची हिरवी. शिवाय 28 टन नाणी! पण मला सगळ्यांत मोलाच्या वाटतात त्या मालाला बांधलेल्या लाकडी चिठ्ठ्या. त्यांवर 1323 सालची तारीख आणि जपानमधल्या क्योतोच्या तोफुकुजी मंदिराचं नाव सापडलं. ते मंदिर 1319 मध्ये जळालं होतं, म्हणजे माल त्याच्या पुनर्बांधणीच्या खर्चासाठी निघाला असेल, असा माग लागतो. विकायलाच आलेल्या माणसाने त्या ओल्या फळकुटांकडे ढुंकूनही पाहिलं नसतं.

जुनीबरणी: कोरियाने नौदल लावलं. इंडोनेशियाने हजारो बेटांवर पहारा कसा ठेवायचा? बेलितुंगचं नवव्या शतकातलं जहाज 1998 मध्ये सागरी काकड्या (काकडीसारखे दिसणारे समुद्री प्राणी) गोळा करणाऱ्यांना सापडलं. लूट होण्याआधी खासगी कंपनीने माल वर काढला आणि 2005 मध्ये सिंगापूरने तो सुमारे 3 कोटी 20 लाख डॉलरला घेतला. मी सिंगापूरलाच राहते, संग्रहालयातलं ते दालन कितीदा पाहिलंय. त्यात चीनमधल्या युए भट्ट्यांचं सेलाडॉन थोडंच आहे, पण अकराशे वर्षं खाऱ्या पाण्यात राहून त्याची हिरवी झिलई अजून तशीच! बंदी असती तर हे मला कुठे दिसलं असतं?

दर्यावर्दी: माल एकत्र राहिला हे नशीब. तेक सिंग हे चिनी जहाज 1822 मध्ये बुडालं, त्यावरची साडेतीन लाख भांडी (बहुतेक निळी-पांढरी) 2000 मध्ये श्टुटगार्टच्या लिलावातून जगभर पांगली. आता ती कोण एकत्र आणणार?

खापरी: इंडोनेशियातल्या चिरेबोनचं जहाज दोघेही विसरलात. दहाव्या शतकातलं, युए सेलाडॉनने भरलेलं. 2010 मध्ये जकार्तात लिलाव ठेवला तर बोली लावायला कुणीच आलं नाही. विकून खर्च निघेल हा हिशेबच कच्चा आहे. शोधणाऱ्याला सरकारने ठरावीक मोबदला द्यावा आणि माल संग्रहालयात जावा.

जुनीबरणी: मोबदल्याचं पटतं, पण खर्च तिथे थांबत नाही. भांड्यांत मुरलेलं मीठ काढायला ती महिनोन्‌महिने गोड्या पाण्यात ठेवावी लागतात, पाणी बदलत राहावं लागतं. मीठ आत सुकलं की झिलई उचलते. लाखो भांड्यांचं हे काम गरीब देशाने कोणत्या पैशांतून करायचं, तेवढं सांगा. तोवर दुहेरी नमुने, म्हणजे एकसारख्या भांड्यांतली जास्तीची, विकायला माझी हरकत नाही.

दर्यावर्दी: माझी आहे. हाताने घडवलेल्या दोन वाडग्यांना दुहेरी कोण ठरवणार?