कॅन्सरचं औषध, आईचा डोळा

रक्तवाहिन्या रोखून कॅन्सरच्या गाठीला उपाशी मारायची अमेरिकन सर्जन ज्युडा फोकमन यांची कल्पना फुसकी निघाली, असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. कॅन्सर हटला नाही हे खरं, पण १९७१ साली त्यांनी दाखवलेल्या वाटेवरच पुढे बेव्हॅसिझुमॅब हे नव्या रक्तवाहिन्या रोखणारं औषध आलं. २००४ मध्ये अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं, आणि डोळ्यांचे डॉक्टर ते कधीच पळवून बसले!

माझ्या आईच्या डोळ्याच्या पडद्यावर मधुमेहाने रक्तवाहिन्या झिरपून सूज आली होती, त्यावर हेच औषध दिलं. कॅन्सरसाठीची बाटली १०० मिलिग्रॅमची, डोळ्यात त्यातलं जेमतेम १.२५. बुबुळाशेजारच्या पांढऱ्या भागात सुई जाताना बघून मलाच घेरी आली, ती मात्र भुलीचे थेंब पुसत म्हणाली, "झालं पण?" तिसऱ्या इंजेक्शननंतर पेपरातलं शब्दकोडं परत सुरू.