सगळंच मापात लहान नसतं

‘कुत्रा लहान म्हणजे त्याची सगळी हाडं त्याच मापात लहान’ असं बरेच जण म्हणतात. हे पॉमेरियनला चालेल, आखूड पायांच्या डॅशहुंडला नाही. पॉमेरियनच्या बारक्या चणीत आयजीएफ-१ या जनुकाचा मोठा वाटा. डॅशहुंडचं प्रकरण निराळं: एफजीएफ-४ जनुकाची एक जादा प्रत १८व्या गुणसूत्रावर जाऊन बसलीय (२००९ साली सापडली), त्यामुळे पायांच्या लांब हाडांची वाढ लवकर थांबते. धड नि डोकं मात्र आपल्या मापाचंच राहतं.

आणि ही प्रत आईबापांपैकी एकाकडून आली तरी पुरते. आमच्याकडे सांगलीत विश्रामबागला शेजारच्या डॅशहुंडचं एका कारवानी (शिकारी जातीच्या, लांब पायांच्या) कुत्रीशी जमलं. (कसं, ते विचारू नका.) पिल्लांची छाती आईसारखी खोल, तोंड निमुळतं, पण पुढचे पाय आखूड आणि बाहेर वळलेले. कुत्रीच्या मालकाला सशामागं पळणारी पिल्लं हवी होती! अशी पिल्लं कुणी घेतलीच तर जिन्यावरून उड्या मारू देऊ नका. डॅशहुंडमध्ये याच जनुकाची आणखी एक प्रत १२व्या गुणसूत्रावर सर्रास असते. तिच्यामुळे मणक्यांमधल्या चकत्या कमी वयात कडक होऊन सरकू शकतात.