'भाषा सुधारा' या शेऱ्यानंतर मार्गदर्शकांना काय विचारावे?

प्रश्न:
नमस्कार. मी इतिहासात एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला असून, महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे, म्हणजे ब्रिटिश सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगापुढे, मांडलेल्या निवेदनावर माझा लघुप्रबंध आहे. वीस पानांचा कच्चा खर्डा मी मार्गदर्शक सरांना दिला होता, तो 'भाषा सुधारा' एवढ्याच शेऱ्यासह परत आला. नेमके काय सुधारावे हे उमगत नाही आणि पुन्हा विचारण्याचा संकोच वाटतो.

उत्तर १ (निवृत्त प्राध्यापिका):
संकोच मुळीच बाळगू नका; मात्र पुन्हा जाताना वीस पाने नेऊ नका. एकच परिच्छेद न्या आणि 'यातला माझा मुद्दा तुमच्यापर्यंत पोहोचतो का?' असे विचारा. 'थोर समाजसुधारक फुले यांनी शिक्षणासाठी अतोनात कार्य केले' अशा वाक्यासमोर मी समासात पेन्सिलीने 'म्हणजे काय?' असे लिहीत असे. त्यावर विद्यार्थी जेव्हा 'प्राथमिक शिक्षण निदान वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे असावे, अशी मागणी फुले यांनी केली' असे लिहून आणत, तेव्हा भाषा सुधारलेलीच असे, कारण विशेषणांची जागा माहितीने घेतलेली असे. त्यापुढे मी विचारत असे, की ही मागणी कशाच्या आधारावर केली? महसूल कष्टकरी रयतेकडून गोळा होतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हा फुले यांचा युक्तिवाद तिथे आला, की परिच्छेद उभा राहिला. तुमच्या सरांनाही बहुधा हेच म्हणायचे असावे, परंतु ते त्यांच्याकडूनच ऐका.

उत्तर २:
ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र सरांसाठी ठेवू नयेत. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक अठरा नियम शेजारी ठेवून खर्डा आधी स्वतः तपासावा, म्हणजे त्यांचा वेळ आशयावर खर्च होतो.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार, मॅडम. सक्तीच्या शिक्षणावरचा परिच्छेद मी उद्याच नेते. मूळ निवेदन इंग्रजीत आहे आणि उताऱ्यांचा अनुवाद मी स्वतः केला आहे. मूळ उतारेही सोबत न्यावेत का?

उत्तर १:
अवश्य न्यावेत. अनुवादाशेजारी मूळ वाक्य असले, तर वाक्य तुमच्यामुळे अवघड झाले की मुळातच तसे आहे, हे सरांना लगेच दाखवता येईल. ते बोलत असताना त्यांचे शब्द तिथल्या तिथे वहीत उतरवून घ्या आणि सुधारलेला परिच्छेद आठवडाभरात परत दाखवा.