दुखत असलेल्या मित्राला ‘चल, थोडंच राहिलंय’ म्हणायचं का?

टिळकवाडीकर

आपल्या बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली पहाटे साडेपाचला पळायला जे जे भेटतात त्या सगळ्यांसाठी ग्रुपवर लिहितोय. पटणार नाही त्यांनी इथंच मोकळेपणानं भांडावं. माझं म्हणणं एवढंच: पळताना ज्याचं काही दुखतंय, त्याला ‘चल, थोडंच राहिलंय’ म्हणणं आपण बंद करूया.

आमच्यात एक जण आहे, वय 46, दुकान सांभाळून पळणारा. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. गेल्या पावसाळ्यात तो 5 किलोमीटरला दमायचा, दिवाळीपर्यंत 15 वर आला. दर रविवारी ग्रुपवर त्याच्या आकड्याखाली आम्ही टाळ्यांचा पाऊस पाडायचो. डाव्या नडगीत दुखतंय असं तो दोनदा म्हणाला. मीच म्हणालो, ‘होतंय की बे, सगळ्यांचंच दुखतं, बर्फ लाव.’ मग 21 किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनला सोळाव्या किलोमीटरला तो लंगडायला लागला. मी शेजारीच होतो. ‘पाचच राहिले, आता काय सोडतोस?’ म्हणालो. तो पळाला. मेडल घेतलं, फोटो काढला. गाडीत बसताना मात्र पाय दोन्ही हातांनी उचलून आत ठेवावा लागला. एमआरआयमध्ये नडगीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर निघालं, म्हणजे सततच्या ताणानं पडलेली बारीक चीर.

तो मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. आता पहाटे येत नाही. दुकानावर गेलो की चहा मागवतो, क्रिकेटचं बोलतो, पळण्याचा विषय काढत नाही.

जास्त वाईट याचं वाटतं की खुणा समोर होत्या. स्नायू भरून आले की दुखणं पसरट असतं, अंग तापलं की बऱ्याचदा जरा मोकळं होतं. हाडाचं दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येतं, पळू तसं वाढतं, आणि पुढं पुढं नुसतं चालतानाही सोडत नाही. तो बोट ठेवून दाखवत होता आणि मी बर्फ सांगत होतो.

खानापूरकर

तुमच्या मित्राचं ऐकून वाईट वाटलं. पण एका पायावरून तुम्ही सगळ्यांचं तोंड बंद करायला निघालाय, ते मला मान्य नाही.

मी मुंबईला फुल मॅरेथॉन पळालोय, 42 किलोमीटरची. परतीला पेडर रोडचा चढ लागतो तेव्हा 35 किलोमीटर अंगावर असतात. तिथं माझं काहीही मोडलं नव्हतं. अंगातली साठवलेली साखर संपली होती, आणि डोकं एकच सांगत होतं, बस खाली. साधारण तिसाव्या किलोमीटरनंतर हे होतंच, फुल केलेल्या कुणालाही विचारा. रस्त्याकडेला उभी राहिलेली अनोळखी माणसं संत्र्याच्या फोडी हातात देत होती आणि शर्टावरचं नाव वाचून ओरडत होती. ती ओरडली नसती तर मी बसलो असतो आणि आयुष्यभर मला वाटलं असतं की आपल्यात दम नव्हता.

दमलेला आणि जखमी यांत फरक आहे, हे तुम्हीच लिहिलंय. मग फरक ओळखायला शिकवा. ‘चल’ हा शब्द का काढून घेता?

टिळकवाडीकर

कारण सोळाव्या किलोमीटरला, घामानं डोळे चुरचुरत असताना, मला तो फरक ओळखता आला नाही. आणि मी नऊ वर्षं पळतोय.

घड्याळवाला

मला दोघांचंही पटत नाही. रेसला ज्यानं त्यानं आपलं पळावं. आपण चार महिने पैसे, झोप, रविवार घालून एका वेळेची तयारी करतो आणि मग कुणासाठी तरी थांबून ती घालवतो, याला मैत्री म्हणायला मी तयार नाही.

1908 च्या लंडन ऑलिम्पिकात इटलीचा दोरांदो पिएत्री मॅरेथॉनमध्ये सगळ्यांच्या पुढं स्टेडियममध्ये शिरला. शेवटच्या फेरीत पुन्हा पुन्हा कोसळला. अधिकाऱ्यांना दया आली, त्यांनी उठवून, धरून त्याला रेषेपार नेलं. मदत घेतली म्हणून तो बाद झाला आणि सुवर्णपदक अमेरिकेच्या जॉनी हेजला मिळालं. धरणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. तरी निर्णय त्या पळणाऱ्याच्या हातातून गेला, ते मला बोचतं.

शहापूरकर

दुसऱ्या दिवशी राणी अलेक्झांड्रानं पिएत्रीला वेगळा चषक दिला, तेही लिहा की. लोकांनी त्याला हरलेला मानलं नाही.

आणि लंडनपर्यंत कशाला जायचं? 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकात मॅरेथॉन पळालेला फडेप्पा दरेप्पा चौगुले आपल्या बेळगावचा. तिथला मार्ग नेहमीपेक्षा लांब, 42.75 किलोमीटरचा. त्यानं तो 2 तास 50 मिनिटं 45 सेकंदांत पुरा केला आणि एकोणिसावा आला. आपल्यातल्या किती जणांना हे नाव माहीत आहे? माझ्या मुलाला नव्हतं, म्हणून मला राहवत नाही.

त्याला प्रोत्साहन कुणी दिलं ते बघा. पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी पळणारी शेतकऱ्यांची पोरं दोराबजी टाटांनी पाहिली आणि ती ऑलिम्पिकला जावीत म्हणून स्वतःच्या खिशातूनही खर्च उचलला. टाळ्या वाजवून घरी गेले नाहीत. आपण मात्र ग्रुपवर अंगठ्याचं चिन्ह टाकतो आणि शेजारच्याचे बूट झिजून तळ गुळगुळीत झालेत हे बघत नाही.

वडगावची

मी सहसा लिहीत नाही, आज लिहिते.

टिळकवाडीकर दादा, तुमच्या जगात ‘थांब’ हा शब्द दुर्मीळ असेल. माझ्या जगात तो फुकट मिळतो. मी 41 व्या वर्षी पळायला लागले. गल्लीत मागांचा खडखडाट सुरू व्हायच्या आत बाहेर पडायचं आणि डबे करायला परत यायचं. पहिल्या महिन्यात सासूबाई म्हणाल्या थांब, शेजारीण म्हणाली या वयात गुडघे जातील, थांब. भावानंसुद्धा फोनवर तेच सांगितलं. सगळे काळजीनंच बोलत होते.

‘चल’ म्हणणारी एकच होती. तिच्या घरी कन्नड, माझ्या घरी मराठी. काँग्रेस रोडला पहिल्या दिवशी भेटली तेव्हा तिला माझं निम्मं कळायचं, मला तिचं निम्मं. ती ‘नडी, नडी’ म्हणायची, म्हणजे चल, चल. मी ‘साक’ म्हणायचे, म्हणजे पुरे. एवढ्यावर आमचे सहा महिने गेले. ती माझ्यापेक्षा खूप वेगानं पळते. तरी प्रत्येक वळणावर उभी राहायची, मी दिसले की पुढं निघायची. जुलैच्या पावसात, चिखलात, रस्त्यावर कुत्रं नाही अशा पहाटे ती वळणावर उभी असायची. तिचा वेळ वाया गेला असं कुणी म्हणालं तर मला फार लागेल, घड्याळवाले.

आज मी 10 किलोमीटर न थांबता पळते. ‘चल’ बंद करा म्हणता तेव्हा तुम्ही माझ्यासारखीच्या हातातली एकच काठी काढून घेताय.

दादा, एक विचारू? त्या भाऊंना सोळाव्या किलोमीटरला काय ऐकायचं होतं, हे तुम्ही त्यांना कधी विचारलंत का?

निवृत्त सुभेदार

ताईंचं बरोबर आहे, आणि नडगीचंही बरोबर आहे. इथं सैन्याच्या रेजिमेंटल सेंटरला रिक्रूट असताना उस्ताद आमच्यावर ओरडायचे ते ऐकून कुणालाही वाटेल, यांना दया नाही. पण रूट मार्चवरून आलो की तेच उस्ताद प्रत्येकाचे बूट काढायला लावून तळपाय बघायचे. ज्यानं फोड लपवला त्याला शिक्षा, ज्यानं दाखवला त्याला मलमपट्टी. ओरडण्याचा हक्क त्यांना त्या बघण्यातून मिळाला होता.

आपल्या ग्रुपवर 21 किलोमीटरचा फोटो टाकला की पन्नास जण बोलतात. ‘आज दुखलं म्हणून 4 वर थांबलो’ असं कुणी टाकलं तर? मी पाहिलंय, कुणी काही लिहीत नाही. माणूस मग दुखणं लपवायला शिकतो.

आणखी एक, कारण यात जीव जातो. स्वयंसेवक म्हणून उभे राहता तेव्हा दिसेल त्याला ‘पाणी पी, पाणी पी’ करू नका. जास्त पाण्यानं रक्तातलं सोडियम, म्हणजे मीठ, पातळ होतं. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावकांचं रक्त तपासलं, त्यांतल्या 13 टक्क्यांचं सोडियम गरजेपेक्षा खाली होतं. जे हळू पळतात आणि वाटेत पाणी पीत राहतात त्यांना धोका जास्त. तहान लागेल तसं प्यावं. गोंधळल्यासारखा बोलणारा, उलटी करणारा दिसला तर त्याला पळायला लावू नका, नुसतं पाणीही पाजत बसू नका, वैद्यकीय तंबूत न्या.

खानापूरकर

सुभेदार काका, 4 किलोमीटरवाल्याचं मान्य. मीही कधी लिहिलं नाही. आता लिहीन.

टिळकवाडीकर

दोन दिवस इथं आलो नाही, कारण वडगावच्या ताईंचा प्रश्न घेऊन दुकानावर गेलो होतो. गिऱ्हाईक गेल्यावर विचारलं, त्या दिवशी मी काय म्हणायला हवं होतं?

तो बराच वेळ वह्या सरळ करत राहिला. मग म्हणाला, ‘तू चल म्हणालास म्हणून मी पळालो नाही. थांबलो असतो तर तू पुढं निघून गेला असतास, आणि तिथं रस्त्यात मी एकटा काय केलं असतं? म्हणून पळालो.’

मी त्याला सांगितलं, मी गेलो नसतो. तो म्हणाला, ‘ते मला कसं कळणार? तू घड्याळ बघत होतास.’

खरं आहे. 2 तास 10 मिनिटांच्या आत यायचं माझ्या डोक्यात होतं.

म्हणून वर लिहिलेलं थोडं मागं घेतो. शब्दावर बंदी नको. पण ज्याला चल म्हणायचं, त्याला आधी हे ठाऊक हवं की तो बसला तर आपणही बसणार आहोत. राजहंसगडाच्या चढाला आपण वर पोचून फोटो काढतो आणि शेवटचे दोघे अजून येळ्ळूरच्या बाजूनं धापा टाकत येत असतात, त्यांनाही हे कधी सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी त्याला चालायची मुभा दिली आहे. शनिवारी किल्ल्याच्या खंदकाच्या बाजूनं दोघं चालणार आहोत, घड्याळ घरी ठेवून.

वडगावची

आम्ही दोघी येतो. तिला विचारलं, ती लगेच हो म्हणाली.

घड्याळवाला

रेसच्या दिवशीचं माझं मत तेच आहे. कोण कुणाबरोबर पळणार आणि कोण आपल्या वेळेसाठी पळणार, हे आदल्या रात्री तोंडानं सांगून टाका, म्हणजे सोळाव्या किलोमीटरला कुणाला अंदाज बांधावा लागणार नाही. येत्या रेसला मी वेळेसाठी पळणार, माझ्यावर विसंबू नका. पण रविवारच्या राजहंसगडाला मी सगळ्यांच्या मागं राहतो. शेवटचा जो असेल त्याच्याबरोबर वर येईन, आणि तो मधूनच खाली वळला तर त्याच्याबरोबर खाली.

खानापूरकर

शेवटचा बहुतेक मीच असेन. साडेपाचला येतो.