मदत हवी आहे: एस लहर बाहेरच्या गाभ्यातच थांबते, मग आतला गाभा घन आहे हे कळलं कसं?

खडूफळा
नमस्कार मंडळी. मी यावल तालुक्यातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. सध्या वर्गात पृथ्वीचं अंतरंग चालू आहे. भूकंपाच्या पी लहरी घन-द्रव सगळ्यांतून जातात, एस फक्त घनातून. गाभ्यापाशी एस अडतात, म्हणून बाह्य गाभा द्रव. इथवर ठीक. पण काल एका पोरीने विचारलं, "मॅडम, एस बाहेरच्याच गाभ्यात संपली, तर आतला गाभा घन आहे हे सांगायला आत गेलं कोण?" सोमवारी सांगते म्हटलंय.

दुसरी शंका माझी स्वतःची. अपिकेंद्रापासून (भूकंपाच्या बरोबर वरची जमिनीवरची जागा) 103 अंशांच्या पलीकडे एस कुठेच पोचत नाही, हे पटतं. पण पीचं छायाक्षेत्र, म्हणजे ती जिथे पोचत नाही तो भाग, 103 ते 142 अंश एवढाच पट्टा का? द्रवातून जाते ना ती? व्हिडिओवाले सगळे तीच आकृती दाखवून पुढे सरकतात.

जमलं तर इकडचं उदाहरण द्या. आमच्या पोरांना खिडकीतून सातपुडा दिसतो.

बेसाल्ट
मॅडम, आधी दुसरी शंका घेतो, ती सुटली की पहिली सोपी जाते.

प्रावरणाच्या (भूकवच आणि गाभा यांच्या मधला थर) तळाशी, 2900 किमी खोलीवर, पी लहरीचा वेग सेकंदाला साडेतेरा किमीच्या वर असतो. गाभ्यात शिरताच तो एकदम 8 किमीवर येतो. डांबरी रस्त्यावरून ट्रॅक्टर तिरका काळ्या रानात उतरवला तर जे चाक आधी मातीत जातं ते मागे पडतं आणि तोंड आत वळतं. लहरीचंही तसंच: गाभ्यात शिरताना ती केंद्राकडे वळते. जी लहर गाभ्याला नुसती घासून जाते ती 103 अंशांवर वर येते. तिच्याहून जराशी खोल गेलेली आत वळते आणि पार पलीकडे, 142 अंशांच्या पुढे निघते. मधला पट्टा रिकामा राहतो तो यामुळे. म्हणजे पी अडत नाही, तिचा रस्ता बदलतो. एसचं कारण वेगळं आहे. ती जाताना पदार्थाला आडवं हलवते, आणि द्रवाला आडवं सरकवलं तर तो परत जागेवर येत नाही, म्हणून ती पुढे जाऊच शकत नाही.

आता इकडचं. जळगावपासून जपानचा ईशान्य किनारा साधारण 60 अंशांवर. 2011 चा तिथला मोठा भूकंप घ्या: पी सुमारे 10 मिनिटांत इथे, एस 18 मिनिटांत, दोन्ही सरळ प्रावरणातून. कॅलिफोर्निया 120 अंशांच्या आसपास, म्हणजे तिथे भूकंप झाला तर आपण बरोबर छायेत. आणि दक्षिण चिली 148 अंशांवर, तिथली पी गाभ्यातून आरपार येते, साधारण 20 मिनिटांनी. पृथ्वीगोल आणि दोरा घेऊन पोरांकडून हे मोजून घ्या, 1 अंश म्हणजे 111 किमी.

कोरडी_तापी
यात एक भर. गाभा आहे हे लहरींवरून 1906 साली दाखवणारे रिचर्ड ओल्डहॅम हे आपल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरीला होते. 12 जून 1897 च्या आसामच्या भूकंपाचा अभ्यास करताना त्यांनी पी, एस आणि भूपृष्ठ लहरी वेगळ्या ओळखल्या. पुस्तकात थरांच्या सीमांना नावं दिलेले गटेनबर्ग, मोहो येतात आणि हा माणूस येतच नाही, याचा मला जरा रागच आहे.

बेसाल्ट
खरंय. आता त्या पोरीचा प्रश्न, फार नेमका विचारलाय तिने.

छायेच्या पट्ट्यात पूर्ण अंधार नसतो, क्षीण पी लहरी तिथे उमटतात. 1929 च्या न्यूझीलंडच्या भूकंपात त्या दिसल्या. डेन्मार्कच्या भूकंपशास्त्रज्ञ इंगे लेहमान यांनी 1936 मध्ये मांडलं की गाभ्याच्या आत आणखी एक गाभा आहे, त्यात वेग एकदम वाढतो, आणि त्याच्यावर आपटून या लहरी पट्ट्यात येतात. पण लक्षात घ्या, यातून आत *काहीतरी वेगळं* आहे एवढंच सिद्ध झालं. घन आहे हे नाही. गाइडवाले हे दोन्ही एकाच ओळीत गुंडाळतात.

घन असल्याचा भक्कम पुरावा आला 1971 मध्ये. खूप मोठा भूकंप झाला की अख्खी पृथ्वी कित्येक दिवस थरथरत राहते. 22 मे 1960 च्या चिलीच्या भूकंपानंतर हे स्पष्ट नोंदलं गेलं, सगळ्यात संथ हेलकावा 54 मिनिटांचा. असे शेकडो प्रकारचे हेलकावे असतात आणि प्रत्येकाचा काळ आतल्या पदार्थावर ठरतो. झेवोन्स्की आणि गिल्बर्ट या शास्त्रज्ञांनी 1964 च्या अलास्का भूकंपाच्या नोंदी तपासल्या; आतला गाभा घन धरला तरच हिशोब जुळत होता.

आणि हो, आत एस जन्मूही शकते. पी तिरकी आतल्या गाभ्यावर पडली की तिचा काही भाग एस होतो, बाहेर पडताना पुन्हा पी. म्हणजे "आत गेलं कोण" तर पीच गेली, वेश बदलून. फक्त ही लहर इतकी क्षीण की ती दिसल्याच्या दाव्यांवर बरीच वर्षं वाद चालले.

भुसावळकर
मस्त धागा भो. आमचे आजोबा 1938 च्या धक्क्याचं सांगायचे, भांडी पडली होती म्हणे. त्याचा यात काही संबंध?

बेसाल्ट
14 मार्च 1938, सातपुड्याचा भूकंप. तो सुमारे 40 किमी खोल होता, म्हणजे भूकवचाच्या पार तळाशी. किल्लारीचा 1993 चा याच्या तुलनेत अगदी उथळ.

आणि इथलं कवच तेवढं जाड आहे हे भूकंपाची वाट न बघता शोधलंय. हैदराबादच्या एनजीआरआयने (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था) मध्य प्रदेशातल्या सेंधव्याकडून सातपुडा ओलांडून जळगाव जिल्ह्यातल्या सिंदाडपर्यंत एक रेघ धरली. बोअरमध्ये स्फोट करायचे आणि रेघेवर मांडलेल्या यंत्रांवर लहर किती वेळाने परत येते ते टिपायचं. आपल्या काळ्या पाषाणाखाली जुने गाळाचे थर आहेत, हेही अशाच कामातून कळलं.

खडूफळा
खूप आभार, सोमवारचं काम झालं. फळ्यावर प्रमाणात काढायचं तर कसं काढू?

बेसाल्ट
त्रिज्या 64 सेंमी धरा, म्हणजे 1 सेंमीला 100 किमी. गाभा 35 सेंमी त्रिज्येचा, आतला गाभा 12 सेंमीचा. भूकवच वेगळं काढू नका, ते 4 मिमी येतं, बाहेरची खडूची रेघच पुरेशी आहे.