‘मागणे’ म्हणजे डिमांड, हे पोरांच्या डोक्यातून कोण काढणार?
(ऑनलाइन चर्चेचा धागा; प्रत्येक पोस्टच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

अर्धा कप
मागच्या आठवड्यातली गोष्ट. आमच्या टीममधल्या नव्या पोराने इंग्लंडच्या क्लायंटला मेल टाकला. त्यातलं वाक्य असं: ‘वी हॅड डिमांडेड द अ‍ॅक्सेस ऑन मंडे.’ त्याच्या डोक्यात साधंसुधं मराठी वाक्य होतं, ‘आम्ही सोमवारी अ‍ॅक्सेस मागितला होता.’ समोरच्याने वाचलं की सोमवारी आम्ही दरडावलं होतं आणि आता जाब विचारतोय. मला फोन आला, ‘तुमच्याकडे कोणी नाराज आहे का?’ कोणी नाराज नव्हतं. पोरगं कँटीनमध्ये वडापाव खात होतं.

चूक त्याची नाही. मागणी-पुरवठा म्हणजे डिमांड-सप्लाय, मोर्चातल्या मागण्या म्हणजे डिमांड्स, मग मागणे म्हणजे टू डिमांड, असं गणित शाळेतच पक्कं होतं. नाम म्हणून ठीक आहे. मालाला डिमांड आहे म्हटल्याने कोणाला राग येत नाही. क्रियापद केलं की मात्र आवाज चढतो.

माझं मत: दहावीपर्यंत फक्त आस्क शिकवा. पाणी, रजा, पगारवाढ, सगळ्याला आस्क फॉर. रिक्वेस्ट अर्जापुरता ठेवा. डिमांड हे क्रियापद शिकवणंच बंद करा.

कोर्टाची पायरी
साफ असहमत. डिमांड कुठे करायची हे न कळल्याने लोकांचे पैसे बुडताना मी पाहिलेत.

चेक बाउन्सचं कलम 138 घ्या. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यायची आणि तीत रकमेची ‘डिमांड’ करायची. कायद्यातला शब्दच तो आहे. नोटीस मिळाल्यावर 15 दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढची कारवाई. माझ्याकडे एक काका आले होते. आधी स्वतःच चार पत्रं पाठवून बसलेले. ‘आपणांस सवड होईल तेव्हा विचार व्हावा’, ‘गैरसमज नसावा’, असा सगळा मजकूर. देणेकऱ्याला सवड झालीच नाही. 30 दिवस गेले, चेकची तीन महिन्यांची मुदतही गेली. मराठी माणसाला मागायला शिकवा आधी, मग मऊ बोलायला.

फळा-खडू
तुम्ही दोघंही डिमांडवरून भांडताय, पण आमच्या वर्गात खरी अडचण आस्कची आहे. अर्धा कप, तुम्ही ज्याला सोपं म्हणताय तोच शब्द आमच्या पोरांना सगळ्यात जड जातो.

मराठीत प्रश्न विचारतात आणि पाणी मागतात. इंग्रजीत दोन्हीला आस्क. फरक फक्त ‘फॉर’ने पडतो, आणि एवढासा ‘फॉर’ पोरं हमखास खातात. मग ‘आय आस्क्ड हिम वॉटर’. पुढची गंमत म्हणजे आपल्याकडे ‘पाणी विचारणे’ हे मागण्याच्या बरोबर उलट. आठवीच्या वर्गात मी फळ्यावर लिहिलं, ‘आजीने पाहुण्यांना चहा विचारला.’ बेचाळीसपैकी बहुतेकांनी आस्क्ड लिहिलं. एकाने तर आजीलाच पाहुण्यांकडे चहा मागायला लावलं! ऑफर्ड लिहिणारी एकच मुलगी निघाली. तिच्या वडिलांची चहाची टपरी आहे.

आणि डिमांड बंद करा म्हणता, पण त्याची रचना तरी माहीत हवी. ‘आस्क हिम टू कम’ चालतं, ‘रिक्वेस्ट हिम टू कम’ चालतं, ‘डिमांड हिम टू कम’ चालत नाही. तिथे ‘डिमांड दॅट ही कम’, आणि त्या कमला एस लागत नाही. ते न शिकवता पोरं बाहेर पडली की पेपर वाचताना अडतात.

लीड्सकर
अकरा वर्षं इंग्लंडात आहे, दोन पैसे माझेही. इथे आस्क-रिक्वेस्टच्या पलीकडे एक तिसरीच भाषा चालते. पहिल्या नोकरीत साहेब म्हणाला, ‘जमेल तेव्हा जरा नजर टाकायला हरकत नाही ना?’ मी जमायची वाट पाहत आठवडा काढला. तो हुकूम होता. उलट ‘यू आर रिक्वेस्टेड टू’ हे इथे पाटीवर असतं, ते माणसाने माणसाला लिहिलं की थंड वाटतं.

अर्धा कप, तुमच्या पोराने केलेली चूक माझा फ्रेंच सहकारीही करतो. त्यांच्याकडे ‘देमांदे’ म्हणजे नुसतं विचारणं किंवा मागणं, रागाचा लवलेश नाही. इंग्रजीने शब्द तिथूनच उचलला. 1066 मध्ये इंग्लंडात फ्रेंच बोलणारे नॉर्मन आले, पुढे कितीतरी काळ कोर्टाचं काम फ्रेंचमध्ये चाललं, आणि ‘हक्क म्हणून मागणे’ हा अर्थ त्या कोर्टकचेरीत चिकटला. म्हणजे कोर्टाची पायरी, शब्दाला धार तुमच्याच भाऊबंदांनी लावली.

कोर्टाची पायरी
लावली, आणि बरं केलं. पायऱ्या आहेत म्हणून भाषा चालते. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत कॉल्स अपॉन, रिक्वेस्ट्स, अर्जेस, डिमांड्स यावरून देश रात्र-रात्र घासाघीस करतात. इराक कुवेतमध्ये घुसला त्याच दिवशी, 2 ऑगस्ट 1990 ला, ठराव 660 आला. त्यात सैन्य ताबडतोब काढा यासाठी शब्द आहे डिमांड्स. तिथे ‘आस्क्स’ लिहिणार का?

लीड्सकर
आणि सद्दाम हलला का? नोव्हेंबरात ठराव 678 करून 15 जानेवारी 1991 ची मुदत द्यावी लागली, मग युद्ध.

भोचक भवानी
हेच म्हणणार होते. जोर शब्दात नसतो, पाठीशी काय आहे त्यात असतो. माहितीचा अधिकार पाहा. 2005 चा कायदा, कलम 6, इंग्रजी मजकुरात शब्द चक्क ‘रिक्वेस्ट’. पण माहिती का हवी ते सांगायची गरज नाही आणि उत्तर 30 दिवसांत द्यावंच लागतं. नाव विनंतीचं, अंगात हक्क. विधिमंडळात उलट. सरकार सभागृहापुढे हात पसरतं, त्याचं नाव ‘पुरवणी मागण्या’.

आता मूळ मुद्दा. मराठीत नरमपणा शब्दात नाही, क्रियापदाच्या शेपटीत आहे. दे, द्या, देता का, द्याल का, द्यावे. अर्जात तर ‘रजा मिळावी’, म्हणजे देणारा साहेब वाक्यातूनच गायब, रजा आपली आपण मिळणार. इंग्रजी क्रियापदाला ही शेपटी नाही, म्हणून ते लोक कुड यू, वुड यू माइंड असलं काहीतरी पुढे जोडतात. आमचं पोरगं शेपटी कापतं आणि पुढचं जोडायचं विसरतं. अर्धा कप, तुमच्या पोराने आस्क्ड लिहून पुढे ‘सेंड इट टुडे’ लिहिलं असतं तरी फोन आलाच असता.

तालुका रिटर्न
शब्दाने फरक पडत नाही म्हणणाऱ्यांनी सरकारी नोकरी करून पाहावी. प्रशासकीय बदली झाली तर प्रवासभत्ता मिळतो. विनंती बदली झाली तर टेम्पोचं भाडं खिशातून. मी दोनदा भरलंय, एकदा तर कपाटाची काच फुटली वर. ‘विनंती’ हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात महाग शब्द.

अर्धा कप
तालुका रिटर्न, कपाटाबद्दल सहवेदना.

भवानीताईंचं पटलं. पोराचा मेल परत काढून पाहिला, खाली खरंच ‘गिव्ह इट बाय ईओडी’ (एंड ऑफ डे, म्हणजे आज दिवस संपायच्या आत) आहे, प्लीजसुद्धा नाही. ते माझ्या नजरेतून सुटलं कारण मला ते ‘द्या’ असंच ऐकू आलं होतं. डिमांड शिकवूच नये हा हट्ट सोडतो. पण आठवीत ‘मागणे’समोर तो एकटा शब्द नको, यावर ठाम आहे. वकीलसाहेबांच्या काकांनी नोटीस जरूर द्यावी, पण ती वकिलाकडून. पोराने क्लायंटला नको.

फळा-खडू, तुमचा तो चहा विचारण्याचा सरावपाठ इथे टाका.

भोचक भवानी
‘टाका’?

अर्धा कप
टाकाल का?

फळा-खडू
शनिवारी सकाळची शाळा असते, दुपारी टाकते. टपरीवाल्याच्या मुलीने स्वतः आठ वाक्यं बनवलीत, तीही देते. तिला विचारून.